आठ पाऊण सहा

घर शांत झालं म्हणून आम्ही सगळे खूश झालो होतो. मिलिंद, माझा धाकटा भाऊ, तेव्हा नुकता चालायला लागला होता. त्याच्या करगोट्याला मायनं एक पितळी घुंगरू ओवलं होतं, म्हणजे पोरगं कुठं दुडदुडत गेलं ते चुलीपुढं बसून कळावं. ते घुंगरू दिवसभर आमच्या घरात फिरायचं. कधी जात्यापाशी, कधी रांजणाच्या बुडाशी, कधी बाबांच्या खुर्चीखाली. आणि घुंगरू थांबलं की भोकाड. त्याचं रडणं गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं. तर एका सकाळी घुंगरूही वाजेना आणि भोकाडही नाही. शेजारची सखूमावशी राखुंडीनं दात घासत दारात उभी राहिली, आत डोकावली आणि म्हणाली, "लागू पडलं वो बाई औषध. कसं गुमान झोपून राह्यलं पोट्टं!" माय हसली. कितीतरी दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. तिला हसताना पाहून मीही हसले. बाबा आरशापुढं दाढी करत होते, तेही गालातल्या गालात हसले. असे तिघंही हसत होतो आम्ही.

आमचं गाव जैनथच्या अलीकडं, पेनगंगेच्या अंगाला. नदीपलीकडं महाराष्ट्र, अलीकडं आंध्र. बोली दोन्हीकडं तीच, कापूस तोच, ज्वारी तीच. पण सरकारी कामाला गेलं की आम्ही एकदम मुके व्हायचो. बाबा गावातल्या मराठी शाळेत मास्तर होते. आमच्या समाजातले गावातले पहिले मास्तर, म्हणून त्यांची मान जरा जास्तच ताठ असायची, आणि असावी की! संध्याकाळी दिवा लागला की आधी वंदना व्हायची. 'साधु, साधु, साधु' म्हणून हात खाली आले की लगेच बाबांचा आवाज चढायचा, "चला, पाढे!" चुलीवर भाकर फुगतेय, तव्यावर जवसाच्या चटणीचा खमंग वास सुटलाय, अंबाडीची भाजी रटरटतेय, पोटात कावळे ओरडतायत, आणि मी भिंतीला टेकून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी म्हणतेय. म्हणून झाल्याशिवाय ताट मिळत नसे. माय भाकरी थापता थापता त्या तालावर हात मारायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण चूक झाली की तिचा हात अडायचा. मिलिंद बाबांच्या मांडीवर बसून प्रत्येक ओळीच्या शेवटी "हां!" करायचा. आम्हाला वाटायचं, हा बाबांच्या वर ताण करणार.

सगळ्या पाढ्यांत बाबांचा जीव पाऊणकीवर. त्याला कारण होतं. त्यांचा बाप, म्हणजे माझा आजा, दुसऱ्याच्या शेतात राबायचा. खळ्यावर त्याला पायली म्हणून जे माप मिळायचं ते पायली नव्हतं, पाऊण पायली होतं, आणि आजा मान हलवून घरी यायचा. त्याला काहीतरी कमी आहे एवढं कळायचं, किती कमी ते सांगता यायचं नाही. "माह्या बापाले पाऊन वळखू येत नव्हती," बाबा म्हणायचे. "म्हनून आपल्या घरात पाऊन पह्यले." त्यांना सगळीकडं पाऊणच दिसायची. रांजण पाऊण भरला, चंद्र पाऊण झाला, मायचा राग पाऊण उतरला. माय म्हणायची, "ह्या मानसाचं डोस्कंच पाऊन हाय," आणि बाबा सगळ्यात मोठ्यानं हसायचे.

शिकवायचे मात्र फार सुरेख. मी चिडखोर पोरगी होते, पटल्याशिवाय पुढं सरकत नसे. एकदा ताट समोर असताना मी हट्ट धरला, की भागलं म्हणजे कमी व्हायला पाहिजे. सहाला अर्ध्यानं भागलं तर बारा कसे येतात? हे तर वाढलं! बाबांनी टोपलीतल्या सहा भाकरी समोर ठेवल्या. "सुमे, भागनं म्हंजे निस्तं वाटनं नोहे. भागाकार एक सवाल इचारते. ह्याच्यात ते किती वेळा बसते? आता सांग, एकाएकाले अर्धी भाकर देली तर किती जन जेवतील?" मी बोटं मोजली. "बारा." "मंग? भाकरी वाढल्या का जेवनारे वाढले?" माय ओरडली, "भाकरी निवून राह्यल्या, तुमचे जेवनारे बसवा आता!" पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. तुकडा जेवढा लहान, तेवढे तुकडे जास्त. मग त्यांनी त्यांच्या युक्त्या दिल्या. अर्ध्यानं भागायचं तर दुप्पट कर. पावानं भागायचं तर चौपट. आणि पाऊणानं भागायचं तर, हे सांगताना त्यांचे डोळे बारीक व्हायचे, तर त्या संख्येचा तिसरा हिस्सा तिच्यातच घालायचा. सहाचा तिसरा हिस्सा दोन, सहा न दोन आठ. "आठ पाऊन सहा. उलटं पाह्य, सुलटं पाह्य, तेच!" कागद नाही, पेन्सिल नाही, डोळा मिटेपर्यंत उत्तर. आणि उत्तर दिल्यावर ते हमखास विचारायचे, "आठ काय?" शाळेतही तेच. पोरगं नुसतं "आठ" म्हणालं की बाबा टेबलावर हात आपटायचे, "आठ काय रे? आठ बैल का आठ आंबे?" पोरं खिदळायची. गावातली टारगट पोरं तर बाबांना बघून लांबूनच ओरडायची, "आठ काय?" आणि पळायची. त्या वेळी ती थट्टा होती.

मिलिंदला झटके सुरू झाले ते कापूस वेचणीच्या दिवसांत. पहिल्यांदा झालं तेव्हा माय त्याला वरण-भात भरवत होती. घास तोंडातच राहिला, डोळे वर गेले, मुठी आवळल्या आणि अंग ताठ. घुंगरू मात्र थरथरत वाजत राहिलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. नंतर तो निपचित पडला, आणि जागा झाला तो असा रडत उठला की जसं काही झालंच नाही. मग पुन्हा झालं. पुन्हा. माय त्याला खाली ठेवायलाच भिऊ लागली. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं हाय, नार्नूरकडं एक जानकार बसते, धागा आना. बाबांनी ताडकन सांगितलं, "माह्या घरात धागा नाई बांधनार कोनी. दवाखान्यात नेऊ." बायका गेल्या, पण जाताना त्यांनी जे एकमेकींकडं पाहिलं ते मला समजलं. आता पोराला काही झालं असतं तर ते मास्तरांच्या शिकलेपणावर आलं असतं.

आदिलाबादच्या त्या दवाखान्यात मी पिशवी धरायला गेले होते. डॉक्टर तेलुगू, कंपाउंडर तेलुगू, रांगेतले निम्मे आमच्यासारखे. डॉक्टरांनी मिलिंदला नीट तपासलं, मोडक्या हिंदीत मायला धीर दिला आणि आम्हाला खिडकीशी पाठवलं. खिडकीत कंपाउंडर. सडपातळ माणूस, हिंदीचा गंध नाही, कपाळावर घाम, आमच्या मागं ही गर्दी. त्यानं कागदाच्या पुडीत सहा गोळ्या बांधल्या आणि घाईघाईनं म्हणाला, "पावु बिळ्ळ. रोजुकु मूडु सार्लु. एनिमिदि रोजुलु." आता तेलुगूत एक ते शंभर आकडे आम्हाला शाळेतच पाठ होते, बाबांनाही आणि मलाही. मूडु म्हणजे तीन, एनिमिदि म्हणजे आठ, आणि 'रोजुकु मूडु'वरून रोज तीनदा, हे आम्हा दोघांनाही कळलं. पण एकाच्या खालचं तेलुगू आम्हाला कोणीच शिकवलं नव्हतं. बाजारात तर सगळे आमच्याशी हिंदीच बोलायचे. तेलुगूत बिळ्ळ म्हणजे गोळी आणि पावु म्हणजे पाव, चौथा हिस्सा. पण तो बिचारा इतक्या भरभर बोलला की त्यातला 'व' गिळला गेला आणि आमच्या कानावर आलं 'पाऊ'. बाबांनी खात्री करायला विचारलं, "पाऊन?" तो म्हणाला, "आ, आ, पावु, पावु." दोघांनीही माना हलवल्या. दोघांनाही वाटलं, समोरच्याला समजलं.

आणि बाबांचा चेहरा उजळला, तो मी पाहिला. सहा गोळ्या. पाऊण. आठ. खिडकीपासून दोन पावलं जाईपर्यंत त्यांच्या डोक्यात हिशेब होऊनही गेला होता. "आठ पाऊन सहा," ते मायला म्हणाले. "पाह्य, तो बी आठ म्हन्ला. बरोब्बर जुळलं." परक्या भाषेत, परक्या खिडकीत, त्यांची लाडकी ओळ त्यांना भेटली होती. वर्गात एखाद्या पोरानं नुसतं 'आठ' म्हटलं असतं तर त्यांनी टेबलावर हात आपटला असता. त्या दिवशी नाही आपटला. मी आज त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि मला सांगता येईल की माणूस चुकतो तो गोंधळतो तेव्हा नाही. हिशेब जुळल्यासारखा वाटतो ना, तिथंच चुकतो. पण तेव्हा मला एवढंच वाटलं की आपले बाबा किती हुशार आहेत.

घरी आल्या आल्या मायनं पाटावर गोळी ठेवली आणि सुपारीच्या अडकित्त्यानं तिचे चार तुकडे केले. तीन तुकडे चमच्यात घेऊन मधात कालवले. चौथा बोटावर घेऊन तिनं विचारलं, "ह्याचं काय करू?" "ठेव डबीत," बाबा म्हणाले. "तीन पावाची एक पाऊन होते. सहा गोळ्या झाल्या की तुकड्यायचे अजून दोन खुराक निघतील. काई वाया नाई जात." कुंकवाची जुनी डबी होती, ती धुऊन पुसून त्यात तो चौथा तुकडा पडला. तेवढासा, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा. मिलिंदनं तोंड वेडंवाकडं करत मध गिळला आणि आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी झटका आला नाही. ज्या सकाळचं मी सुरुवातीला सांगितलं ती हीच. तो झोपला, उठला, थोडं दूध प्यायला, पुन्हा झोपला. दुपारी मायनं खुराक दिला. संध्याकाळी वंदनेला तो बाबांच्या मांडीवर होता, पण मान त्यांच्या छातीवर. मी पाऊणकी म्हटली. ओळीच्या शेवटी कोणी "हां" केलं नाही. बाबा म्हणाले, "थकलं हाय लेकरू. इतक्या दिसाचं जागरन हाय ते." बरोबर वाटलं. सगळंच बरोबर वाटत होतं. मायनं त्याला पाळण्यात ठेवलं तेव्हा त्याचा हात बाहेर लोंबत राहिला, त्यानं तो आत घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो डोळे उघडेना. मायनं हाक मारली, गाल थोपटले, तेव्हा पापण्या हलल्या आणि पुन्हा मिटल्या. दूध ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. औषध मात्र गेलं, कारण मायनं हनुवटी धरून चमचा आत रिचवला. सखूमावशी पुन्हा आली. पोराकडं पाहिलं, पदरानं तोंड पुसलं आणि निघून गेली. मला एकदम भीती वाटली. घर इतकं गप्प होतं की वेलीवरच्या दोडक्याच्या फुलात भुंगा शिरला तर कळावं. मी उगाच ते घुंगरू बोटानं हलवून पाहिलं. ते वाजलं, म्हणजे ते बिघडलेलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत बाबा शाळेतून जेवायला आले. माय पाटाशी बसली होती, चमच्यात तीन तुकडे चुरत होती. "सरल्या वो गोळ्या," ती म्हणाली. "हे शेवटची. आता डबीतले तुकडे राह्यले फक्त." बाबा हात धूत होते. "बरोबरच हाय. सहा खुराक झाले, दोन राह्यले. आठ पाऊन सहा. चोख हिसाब." माय म्हणाली, "मंग आठ झाल्यावर?" "मंग पुना आनू. त्यानं आठच सांगतले होते." आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मला काही सुचलं होतं असं नाही. सवयीनं निघालं, जसं वर्गातल्या कुठल्याही पोराच्या तोंडून निघालं असतं.

"आठ काय, बाबा?"

"खुराक," ते म्हणाले. हसतच म्हणाले. मग त्यांचा तांब्या हातातच थांबला.

"तो तर रोजुलु म्हन्ला होता," मी म्हणाले. "रोजुलु म्हंजे दिवस ना? आठ दिवस."

बाबा वळले. मायचा चमचा मिलिंदच्या ओठांशी पोचला होता. "थांब," ते म्हणाले, आणि मग आमच्या घरात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडले, "पाजू नोको! पाजू नोको त्याले!" चमचा खाली पडला, पाटावर मध सांडला. बाबा तिथंच उकिडवे बसले आणि पुटपुटायला लागले, जमिनीकडं बघत. "दिवसाचे तीन. आठ दिवस. तीन आठे चोवीस. सहा गोळ्यायचे चोवीस. सहाले कायनं भागलं म्हंजे चोवीस येते? सहा चोक चोवीस. पावानं. पावानं भागलं का चोवीस." त्यांनी वर पाहिलं. "सुमे, पाऊन नाई म्हन्ला तो. पाव म्हन्ला."

मला तेव्हाही त्यातली गंमत कळली, आणि ती कळल्याची मला लाज वाटते. इतका वेळ तो आठ चुकीच्या घरात बसला होता. आता तो आपल्या जागी गेला आणि सगळा हिशेब कसा पुरा, निर्मळ झाला. असं सुंदर उत्तर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि त्या उत्तराचा अर्थ असा होता की आम्ही पोराला दर वेळी तिप्पट पाजत होतो.

मायला पाव-पाऊण काही विचारायची गरज पडली नाही. तिनं मिलिंदला उचललं, तर त्याची मान मागं गेली, ओल्या फडक्यासारखी. "चाला," ती म्हणाली. बाबांच्या पायात चपला नव्हत्या. "ती डबी घे," एवढं मला सांगून ते धावले. बस संध्याकाळची. पण कापसाचे दिवस होते, वेशीवर एक ट्रक शहराकडं निघण्याच्या बेतात उभा होता. ड्रायव्हरनं काही विचारलं नाही. आम्ही कापसाच्या ढिगावर चढलो. पांढऱ्या कापसावर मिलिंद आणखी पांढरा दिसत होता. माय त्याचे तळवे चोळत होती, पदर ओला करून तोंडावर फिरवत होती. त्याचा श्वास येत होता, पण एक श्वास आला की पुढचा येईपर्यंत आम्ही तिघंही आपापला रोखून धरत होतो.

"अवो, काईतरी बोला," माय बाबांना म्हणाली. "झोपू देऊ नोका त्याले. तुमचा आवाज वळखते तो. तुमचे ते पाढे म्हना!" बाबांनी तोंड उघडलं. पाऊणकी त्यांच्या जिभेवर आली असणार, ती त्यांनी गिळली. मग घसा साफ करून त्यांनी पावकी सुरू केली, मिलिंदच्या कानाशी वाकून. "एक पाव पाव. बे पाव अर्धा. तीन पाव..." आणि थांबले. तीन पाव पाऊण. तेच तर केलं होतं आम्ही. त्यांच्या तोंडून तो शब्द निघेना. ट्रक खड्ड्यांतून हिंदकळत होता आणि माझे बाबा, ज्यांच्या पाढ्याला कधी अडखळ माहीत नव्हती, ते तिसऱ्या ओळीला अडकून पोराच्या डोक्यावर हात ठेवून बसले होते. "तीन पाव पाऊन!" माय किंचाळली. "चार पाव एक! म्हना ना! सुमे, म्हन!" इतकी वर्षं भाकरी थापता थापता ऐकलेलं सगळं तिला येत होतं. मग ती आणि मी ओरडून ओरडून पावकी म्हणत गेलो, संपली की पुन्हा पहिल्यापासून, आणि शहर येईपर्यंत मिलिंदनं एकदाच, अगदी बारीक, भुवई उडवली.

डॉक्टर त्याला उचलून आत घेऊन गेले. माय मागोमाग. पडदा ओढला गेला. बाबांनी माझ्या मुठीतून डबी घेतली, खिडकीशी गेले, झाकण उघडलं आणि त्यातला एक तुकडा नखावर घेऊन कंपाउंडरपुढं धरला. "पावु?" त्यांनी विचारलं. कंपाउंडरनं मान हलवली. "आ. इदे पावु." हेच पाव. मग त्याची नजर डबीत गेली, तिथं पडलेल्या बाकीच्या तुकड्यांवर, आणि तिथून बाबांच्या तोंडावर. त्याला सगळं कळलं. खिडकी सोडून तो बाहेर आला आणि बाबांच्या दंडाला धरून त्यानं त्यांना खाली बसवलं. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्याला. तो तसाच बाबांच्या शेजारी फरशीवर बसून राहिला, रांग ओरडत राहिली तरी. बाबा बोलले ते माझ्याशी नव्हे, डबीशी. "औषध ह्याच्यात होतं. आपन औषध बाजूला ठिवलं आन बाकीचं पोराले पाजलं."

मिलिंद दुसऱ्या दिवशी रडला. आधी कुरकुर, मग हुंदका, मग ते गल्लीच्या तोंडापर्यंत जाणारं भोकाड. माय पडद्यामागं होती, तीही रडायला लागली. कंपाउंडर हातातलं काम टाकून धावत आला. डॉक्टर म्हणाले, रडू द्या, चांगलं आहे. मी बाबांकडं पाहिलं. वाटलं आता ते हसतील. ते भिंतीकडं तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. पुढं झटके पाव गोळीनंच आटोक्यात आले आणि काही वर्षांनी अजिबात गेले. मिलिंद आज केस पिकलेला माणूस आहे, आदिलाबादला असतो, कचेरीत नोकरी करून निवृत्त झाला. त्याला हे आजही माहीत नाही. आता हे छापून आलं तर वाचेल तो. वाच बाप्पा, आता तुला सांगायला हरकत नाही.

मी स्वतः पुढं मास्तरीण झाले आणि गणितच शिकवलं. आता घरी शिकायला येणाऱ्या पोरांना अपूर्णांकानं भागायला सांगा, ती 'उलटा आणि गुणा' म्हणून क्षणात उत्तर देतात. विचारा, उलटा का? तर तोंडाकडं बघतात. मला अशी चीड येते! उत्तर बरोबर असतं हो, उत्तराचं काही नाही. मी टेबलावर हात आपटते आणि बाबांचाच प्रश्न विचारते. पोरं हसतात. त्यांना वाटतं म्हातारीचा विनोद आहे.

बाबांनी मात्र त्यानंतर तो प्रश्न विचारला नाही. पाऊणकीही म्हटली नाही. वंदना व्हायची, पावकी, निमकी व्हायची, आणि मग सरळ सवायकी. मधली जागा तशीच. माय त्या जागी हात थांबवायची नि पुन्हा थापायला लागायची. शाळेतही तेच. साहेब तपासणीला आले, पाऊणकी का नाही म्हणून विचारलं, तर बाबा खाली मान घालून "राह्यली साहेब" म्हणाले. माझे बाबा, आणि खाली मान! मिलिंद तिसरीत गेला तेव्हा बाबांची बदली पलीकडच्या वस्तीवर झाली होती आणि त्याला दुसरे मास्तर होते. एका संध्याकाळी तो शाळेतून आला तोच ओसरीत उभा राहून, दप्तर न काढता, मोठ्या तोऱ्यात म्हणायला लागला. एक पाऊन पाऊन. बे पाऊन दीड. तीन पाऊन सव्वादोन. मायनं परात बाजूला सारली. मी धावत गेले, त्याला गप्प करायला, पण पोचेपर्यंत तो पुढं गेला होता. "सात पाऊन सव्वापाच. आठ पाऊन सहा!"

आतून बाबांचा आवाज आला, हळू, बऱ्याच वर्षांनी. "आठ काय?"

गावातल्या पोरांनी ती थट्टा मिलिंदपर्यंत कधीच पोचवली होती. तो खदखदून हसला. "आठ आंबे, बाबा!"

बाबा दारात आले. चौकटीला हात धरून उभे राहिले आणि त्याच्याकडं बघत राहिले, त्याच्या उड्या मारणाऱ्या पायांकडं, दप्तराकडं, हसण्यानं उघड्या पडलेल्या पडक्या दातांकडं. "हाव," ते म्हणाले. "आंबेच. म्हन पुढं." मिलिंद म्हणत गेला. नऊ पाऊन पावणेसात. दहा पाऊन साडेसात. म्हणून झालं आणि तो शाबासकीची वाट बघत थांबला.

बाबा खाली उंबऱ्यावर बसले. "पह्यल्यापासून म्हन," ते म्हणाले.